पदकाच्या कडेवरचं नाव

बोरिवली, दसरा, १९८४

शेवटी आबांचं पदक परत आणलं. आबा गेले तेव्हा वसंताने, माझ्या चुलतभावाने, ते आमच्या देव्हाऱ्यातून उचललं होतं. विचारलं तर म्हणे, "उंदरांनी नेलं असेल गं!"

आज मुलुंडला त्याच्याकडे गेले, तर भिंतीवर काचेच्या चौकटीत तेच. लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगत होता, "आमचे वडील पहिल्या महायुद्धात लढले." लढले ते माझे वडील, आबा; त्याच्या वडिलांनी, काकांनी, मालवण कधी सोडलं नाही!

वर मलाच म्हणतो, "ताई, तू इतिहासाची बी.ए. ना? अस्सल आहे की नाही, सांग यांना."

इतका मूर्ख कसा हा? पुढून राजाचं डोकं दिसतं, पण शिपायाचं नाव कडेवर ठोकलेलं असतं. इतक्या वर्षांत त्याने कड पाहिलीच नाही?

"चौकटीतून काढ. कड पाहिल्याशिवाय कसं सांगू?"

कडेवरच्या अक्षरांत आईचं कुंकू अजून अडकलेलं. दर दसऱ्याला ती कोयत्याशेजारी पदकही पुजायची. मी आबांचं नाव मोठ्याने वाचलं. "अस्सल आहे. माझ्या वडिलांचं."

व्याह्यांनी शांतपणे विचारलं, "मग तुमचे वडील कुठे लढले?"

वसंता माझ्या कानाशी आला. "ताई, घरातलं घरात ठेव ना गं."

"घरीच नेतेय," म्हटलं आणि पदक पर्समध्ये टाकलं.

पोरीचं लग्न मोडलं तर? वाईट वाटायला हवं. अजून तरी वाटत नाही.

निघताना त्याच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घे, वसंता. सोन्यासारखा राहा."