अख्खं गोल इंद्रधनुष्य

प्रिय आई,

प्रभूच्या नावात तुला मनापासून सलाम. मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? ताई रविवारी हात धरून उपासनेला नेते ना?

एक कबूल करायचंय, आधी खाली बस. मी गोदामात नाही, उंच क्रेन चालवतो. बाबा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेले तेव्हा उंचावर चढणार नाही असं तुला वचन दिलं होतं, ते मोडलं. तुझी झोप उडेल म्हणून खोटं लिहीत राहिलो.

लपवूनच ठेवणार होतो. पण काल सकाळी समोर पाऊस असताना मागून ऊन आलं आणि केबिनच्या काचेतून इंद्रधनुष्य दिसलं. कमान नव्हे गं, अख्खं गोल! खालचा भाग माझ्या पायांखालून गेलेला. जमिनीवरून आपल्याला अर्धंच दिसतं.

जलप्रलयानंतर देवानं नोहाला दिलेल्या वचनाची ती खूण, आणि दाखवली कुणाला, तर वचन मोडणाऱ्याला! बाबा गेल्यापासून मी प्रार्थनेत नुसते ओठ हलवायचो. काल शब्द आपोआप आले. वायरलेसवर मुकादम ओरडत होता, "झोपलास का रे?"

सुरक्षेचा पट्टा मी दोनदा तपासतो. हवं तेवढं रागव, पण उत्तर लिही.

बाबांची जेवणाआधीची प्रार्थना किती लांबायची, आठवतं? ताट गार व्हायचं, तू घसा खाकरायचीस. आई, ते परांचीवरून काय काय बघून घरी येत असतील!

तुझा धाकटा