जिन्यावरचं स्टूल

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा थांबले हे! दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. "जरा थांब गं, दम लागला." आणि कठडा धरून उभे. दुकान खाली, घर तिसऱ्या मजल्यावर. इतकी वर्षं हाच जिना चढतोय, पण हे थांबणं अलीकडचंच.

मग मीही थांबते. एकटं सोडून पुढे जाववत नाही. तेवढ्यात मलाही घाम टिपून घेता येतो. पण काळजी लागते. हे दोन गिऱ्हाइकांशी सकाळीच उगाच भांडले.

५ मार्च, बुधवार

नाट्यगृहाच्या पडद्यांचं काम आलंय. मखमलीचे तागे म्हणजे मेल्याहून जड! आज खाली गेले तर सगळे तागे टेबलावर हजर. हे पहाटेच उठून एकटे उचलून ठेवून आले होते. मी खूप बोलले यांना. "जिन्यात दम लागतो आणि तागे उचलता? अक्कल गहाण ठेवलीत का?" तर म्हणे, "झोप येत नव्हती."

आणि दुपारी मशीनवर डुलक्या! सुईखाली बोट गेलं असतं. पूर्वी दिवसभर शिवूनही शीळ घालत घरी यायचे. हा थकवा बरा नाही. शुगर आम्हा दोघांनाही आहे. आधी यांना झाली, मग मला. संसारात सगळं निम्मं-निम्मं, तसं हेही. पण यांची जुनी.

७ मार्च, शुक्रवार

वळणावर स्टूल आणून ठेवलंय यांनी! दुकानातलं, काज-बटणाचं. मी म्हटलं, बसा. तर म्हणे, "मी बसलो की उठवत नाही. तू बस, मी कठड्याला टेकतो." आता दम यांना आणि स्टुलावर मी! खालच्या वहिनी हसत होत्या. बसले तरी. वाद घालायला त्राण नव्हतं, पित्त खवळलंय कालपासून.

१० मार्च, सोमवार

माझी शुगर दाखवायला गेले होते. डॉक्टरीणबाईंना यांचं सगळं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, शुगर जुनी झाली की नसा बोथट होतात. मग हृदय कुरकुरलं तरी माणसाला कळत नाही. छातीत कळ येईलच असं नाही. जिना चढताना दम, उगाच घाम, मळमळ, काही न करता थकवा, एवढंच दिसतं. आणि लोक म्हणतात वय झालं, पित्त झालं. "त्यांना लगेच घेऊन या."

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! वर मलाच विचारतात, "तुला लागतो का गं दम?" चोराच्या उलट्या बोंबा!! मला काय धाड भरलीये?

१२ मार्च, बुधवार

मखमल कापताना एकदम दरदरून घाम सुटला. कात्री हातातून निसटली. साखर उतरली असणार. आमच्या घरातला नियमच आहे, घाम आला की साखर तोंडात टाकायची, विचारत बसायचं नाही. मी डबीकडे हात नेला तर यांनी मनगट धरलं. "आधी मोजू." आणि बोटाला सुई टोचली.

एकशे नव्वद. उतरलेली कुठे, चढलेलीच!

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. यांनी लगेच स्वतःच्या बोटाला टोचून पाहिलं. एकशे बत्तीस. यंत्र चांगलं होतं. एरवी अशा वेळी टोमणा मारल्याशिवाय राहायचे नाहीत हे. आज नुसतं डबीचं झाकण लावलं. मला एका जागी बसवून सगळी कापणी स्वतः केली. मी बघत होते. यांना काही झालं तर मी काय करू? खरंच, काय करू मी?

१४ मार्च, शुक्रवार

कडाक्याचं भांडण. मी रडले. "माझ्यासाठी तरी चला!" तेव्हा कुठे हे म्हणाले, "येतो. पण एका अटीवर. माझं जे जे करतील, ते तुझंही करायचं. तू टेबलावर झोपलीस तर मी झोपतो."

लहान मुलासारखा हट्ट! माझ्या तपासण्यांची काही गरज आहे का? पण हो म्हटलं. माणूस दारातून बाहेर पडतोय, हे काय कमी आहे.

१७ मार्च, सोमवार

उद्या जायचं. देवा, यांचं काही निघू नये.

१८ मार्च, मंगळवार

जसं घडलं तसं लिहिते.

आधी हे झोपले. छातीला तारा लावल्या, ठोक्यांची पट्टी निघाली. मग फिरत्या पट्ट्यावर चालवलं यांना. मी दाराच्या फटीतून बघत होते. चालले की तरातरा! मशीनवरची पोरगी म्हणाली, काका, अजून वेग वाढवू का? हे म्हणाले, "वाढव."

मग मी झोपले. हसतच. पट्टी निघाली तशी पोरगी धावत जाऊन बाईंना घेऊन आली. मला पट्ट्यावर चढवलंच नाही. बाईंनी विचारलं, "घाम सुटतो तेव्हा काय करता?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "साखर खातो." बाई म्हणाल्या, "प्रत्येक घाम साखरेचा नसतो."

यांचं सगळं साफ. बाई म्हणाल्या, "यांच्या हृदयाला काही झालेलं नाही. तुमच्या हृदयाला रक्त कमी पडतंय. आज घरी जायचं नाही."

मला! छातीत एकदाही दुखलेलं नाही मला. कधीच नाही. खोटं वाटतं अजून. पण बाईंनी सांगितलेलं एकेक आठवतंय. घाम माझा, पित्त माझं, गळालेली कात्री माझी. भीती वाटते. फार भीती वाटते.

१९ मार्च, बुधवार

आत तार घालून पाहिलं. हृदयाची एक नळी अगदी बारीक झालीये. उद्या सकाळी तिथे जाळी बसवणार. वेळेवर आलात, म्हणाल्या बाई. अजून थोडे दिवस गेले असते तर...

हे खाटेशेजारी बसून आहेत. दुपारी मी विचारलंच, "तुमचं सगळं साफ, मग जिन्यात तो दम कसला लागत होता?"

यांनी माझी चादर नीट केली. मग म्हणाले, "मला कुठे लागत होता? मी थांबलो नसतो, तर तू थांबली असतीस का?"