‘स’ समांतरचा

३ नोव्हें., सोम.
वारज्याच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकते न टाकते तोच मालकांचं, म्हणजे बापट सरांचं, बोलावणं. नमस्कार-चमत्कार काही नाही. "शुक्रवारी गाडी जुन्या-नव्या दोन्ही चार्जरवर चार्ज होऊन दाखवा. नाहीतर हा नाद सोडा, साधे चारशे व्होल्टचे बॅटरी पॅक करू." म्हणजे माझी नि माझ्या हाताखालच्या शैलेशची एवढी मेहनत भंगारात. तरी का कोण जाणे, दिवसभर मजेत होते. होणारच आहे हे!

४, मंगळ.
पोहे खाताना विनयला समजावलं. पॅकचे दोन अर्धे, प्रत्येकी चारशे व्होल्ट. नवा दणकट चार्जर असला की एकामागे एक, आठशे. जुना असला की शेजारी शेजारी, चारशे. बदलताना आधी सगळं सोडायचं, मगच नवं धरायचं.
"आणि घाई केली तर?"
"धूर."
नवऱ्याने पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं.

६, गुरु.
घोळ! आठशेचा चार्जर लावला, गाडी ढिम्म. स्क्रीन म्हणते, मागितले आठशे, दिसतात चारशे, घेणार नाही. चारशेला लावली तर बरोब्बर उलटं. शहाणी बाई आमची गाडी, नाही म्हणाली म्हणून वाचलो.
जेवणाचे डबे तसेच ठेवून वायरी तपासल्या. वायरींवरच्या चिठ्ठ्या माझ्या, मराठीत. हौस ना! ‘ए’ म्हणजे एकसर, ‘स’ म्हणजे समांतर, शाळेत शिकले तसं. जोडणी शैलेशची. अमरावतीचा, पण इंग्लिश मीडियम.
"मॅडम, स म्हणजे सिरीजच न जी!"
अरे, सिरीज म्हणजेच एकसर! "आणि ‘ए’ काय वाटलं तुला?"
"तुमचं काहीतरी असंल, म्हटलं."
पोट दुखेपर्यंत हसलो. वायरी अदलाबदल केल्या, चिठ्ठ्यांवर पूर्ण शब्द लिहिले. आतले स्विच खट्, खट्. आठशे! डबा गार झालेला, काय चव लागली म्हणून सांगू.

७, शुक्र.
सरांसमोर आठशे घेतले बिनतक्रार. मी चारशेचा चार्जर ओढतेय तर सर म्हणाले, "अहो, घरचा अभ्यास नको. बाहेर चला." कर्वेनगरच्या एका पार्किंगमधला जुनाट चार्जर. कधी हातही लावला नव्हता त्याला. प्लग बसवला. काही नाही... काहीच... आणि खट्! चारशे, चार्जिंग सुरू. शैलेश चक्क नाचला. मला रडू आलं, आनंदाने, सगळ्यांदेखत.
सर म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या तोंडी हे म्हणजे हारतुरेच.
"मग पुढे चालू ठेवायचं ना, सर?"
"सोमवारी सांगतो. किल्ली द्या, हिला जरा फिरवून आणतो."

९, रवि.
शैलेशचा सकाळपासून तिसरा फोन, सर काही बोलले का? नाही रे बाबा. किल्लीही नाही, गाडीही नाही.
दुपारी सरांचा मेसेज. "वाईला आलोय. इथला चार्जर चारशेचा आहे का आठशेचा, कळत नाही. काय करू?"
लिहिलं, "कुठलाही असू दे, सर. लावा."