फाटलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत

मखमलाबाद, नाशिक
१४ नोव्हेंबर २०२४

ती. गोरक्षदादास,
छायाचा नमस्कार. साष्टांग नाही, उभ्यानेच घे.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. इकडे सगळं बरं आहे. शेवंती जोरात आहे.

सध्या आम्ही एक कादंबरी वाचतोय, पेशवाईतली. किल्लेदाराच्या मुलीचं एका सरदाराशी दोन्ही घरांच्या सोयीसाठी लग्न लावतात. पहिल्या रात्री ती मधे ढाल ठेवून झोपते. आणि हा बाबा असा घोरतो की पहारेकरी शत्रू आला समजून शिंग फुंकतात. संध्याकाळी आम्ही शेवंतीच्या जुड्या बांधतो आणि आमचे हे, निवृत्ती, मोठ्याने वाचून दाखवतात. हसता हसता जुड्या सुटतात.

आम्ही म्हणजे मी आणि तेजस्विनीवहिनी. तिच्या गालावरची सूज उतरली आता.

हेच पुस्तक तू तिच्या हातातून ओढून फाडलंस. भाकरी टाकायची सोडून वाचत बसली म्हणून. उरलेलं अर्धं पिशवीत घालून ती चांदवडहून एसटीने इथे भावाकडे आली. निवृत्तींनी दुसऱ्या दिवशी शहरातल्या वाचनालयातून दुसरी प्रत आणली, माझ्या नावाचं कार्ड काढून.

पाच वर्षांपूर्वी तुला कोणी मुलगी देईना, तेव्हा तू साटंलोटं ठरवलंस. त्यांची बहीण तुला, तुझी बहीण त्यांना. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी रडले तर म्हणालास, "सोयीचं लग्न आहे, रडतेस काय?" पाठ आहे मला ते.

आता तुझा निरोप आलाय. आठ दिवसांत तेजस्विनीला पाठवा, नाहीतर जीप घेऊन येतो आणि छायाला नेतो. साट्यालोट्यात एक माहेरी आली की दुसरीनेही जायचं, हा रिवाज मलाही ठाऊक आहे. खोटं कशाला सांगू, मी पिशवी भरायला घेतली. निवृत्तींनी त्यातली साडी काढून परत कपाटात ठेवली. म्हणाले, "तुला जायचं असेल तर मी सोडीन. तो नेणार नाही."

लग्न झाल्यापासून मी त्यांना जे बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले. तुला सांगणार नाही.

तर मी येत नाही. वहिनीही येत नाही, तिने तुझ्याविरुद्ध पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय. जीप आणलीस तर तो अर्ज दारात उभी राहून मोठ्याने वाचीन, सगळी आळी ऐकेल. तू केलेल्या सौद्यात माझा संसार झाला आणि तुझा मोडला. आता कर एकट्याने भाकरी. मला आनंद होतोय दादा, आणि त्याची लाजही वाटत नाही.

फाटकी प्रत सोबत पाठवतेय, वेळ जायला बरी. शेवटची पानं तूच फाडलीस. आम्ही तिघांनी शेवट आधीच वाचून टाकलाय आणि तुला तो सांगायचा नाही असं ठरवलंय.

एकेकाळची तुझी सोय,
छाया