सगळ्यांत स्वच्छ रात्र

वेल्हे,
१० डिसेंबर २०२५

प्रिय कुंडलिक,

कामथडीला पोल्ट्रीवर तुझं बरं चाललंय, असं टेम्पोवाल्या पप्पूकडून कळलं. त्याच्याच हाती हे पत्र देतोय. फोन केला असता, पण मध्येच कच खाल्ली असती.

इकडे थंडी कडक आहे. माझ्या शाळेत सात मुलं उरलीत. तुझ्या आईची, रतनबाईंची, तब्येत ठीक. गुडघे धरलेत, तरी दर सोमवारी शिडी लावून वाडीच्या खांबावरच्या दिव्याचं सोलर पॅनेल पुसतात. ते काम तुझं होतं. आता दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

माझी बातमी सांगतो. माझ्या दुर्बिणीची तू थट्टा करायचास, "गुरुजी, त्या नळीतनं बायकू तरी दिसंल का तुमाला?" बायको नाही दिसली. पण तुमच्या वाडीमागच्या कातळावरून मी एकाच दीर्घिकेचे, म्हणजे लांबच्या एका आकाशगंगेचे, सतरा रात्री फोटो घेतले, ते एकावर एक चढवले, तेव्हा तिच्या कडेला धुरासारखा फिकट पट्टा उमटला. मोठ्या दुर्बिणींना आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, आणि एका जागी इतक्या रात्री घालवायला त्यांना सवड नसते. म्हणून शास्त्रज्ञ आमच्यासारख्या हौशी लोकांची मदत घेतात. त्यांनी तपासून सांगितलं, तो पट्टा म्हणजे त्या दीर्घिकेनं कधीकाळी गिळलेल्या एका लहान दीर्घिकेचे उरलेले तारे. त्यांच्या शोधनिबंधात माझं नाव आलंय. शाळेत सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. शाल मी अजून उघडलेली नाही.

निबंधात फोटो घेतल्याच्या तारखा दिल्यात. त्यांत ९ मार्च २०२४ आहे. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसाची रात्र. तुझे वडील, हैबतीबाबा, गेले ती.

मी शास्त्रज्ञांना लिहिलं की त्या रात्रीचे फोटो वगळा. उत्तर आलं, तीच सगळ्यांत स्वच्छ रात्र आहे, ती काढली तर पट्टा नीट दिसतच नाही.

कुंडलिक, त्या रात्री दिवा गेला नव्हता.

तो दिवा आपोआप लागतो, त्याला बटण नाही, आणि त्याचा उजेड माझ्या फोटोत यायचा. म्हणून वाडी झोपली की मी बांबूनं त्याच्यावर काळं पोतं चढवायचो आणि पहाटे काढायचो. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बिबट्यापायी तुम्ही नकोच म्हणाला असतात, हे मला ठाऊक होतं.

त्या रात्री शेळ्या ओरडल्या. बाबा बाहेर आले. त्यांची हाक सगळ्या वाडीनं ऐकली, "कुंडल्या, दिवा का रं गेला?" मी तीस पावलांवर बसलो होतो. हातात बॅटरी होती. पाच मिनिटांचा फोटो चालू होता, त्यातली दोन राहिली होती. उजेड केला तर तो वाया जाईल, म्हणून मी गप्प राहिलो. मग शेळ्यांच्या कोंडवाड्यामागचे दगड सुटून घळीत गेले, आणि त्यांच्याबरोबर बाबा.

माणसं धावत येईपर्यंत मी पोतं काढलं होतं. दिवा लख्ख पेटलेला. कुणीतरी म्हणालं, पॅनेल पुसलं नसेल, म्हणून मधेच विझला असेल. तू सांगत होतास, "आय, म्या कालच पुसलंया." रतनबाईंनी सगळ्यांदेखत तुझ्या थोबाडीत मारली. मी तिथंच उभा होतो. तिरडीला खांदाही दिला. तू वाडी सोडलीस तेव्हा एसटीपर्यंत पोचवायला मीच आलो होतो, आणि वर तुला धीर दिला. आता आठवलं की स्वतःची किळस येते.

काल रतनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "म्हंजी माजं प्वार खरं बोलत व्हतं. म्या त्याला मारलं, गुरुजी. आता कुठल्या तोंडानं ये म्हनू?" मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. येत्या रविवारी सगळ्या वाडीसमोर मी हेच सांगणार आहे. पुढं पोलीस, शाळा जे करायचं ते करोत. तू ये. मला माफ करायला नको, आईसाठी ये.

एक गोष्ट मात्र त्यांनाही सांगितलेली नाही, कारण ती आधी तुझी आहे. घरांपर्यंत पोचली ती फक्त पहिली हाक. तू उठला नाहीस, तेव्हा बाबा जरा थांबले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं हळू म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दमलंय प्वार. म्या बघतो." आवाजात राग नव्हता. हे ऐकणारा मी एकटाच होतो.

तुझ्या बापाचे शेवटचे शब्द पावणेदोन वर्षं तुझ्यापासून दडवून ठेवणारा,

अमृत