राक्षसाच्या तोंडची ओळ

१४ जून, शनिवार
नाव नाही! पेपरात पाव पान, पियुषचा फोटो, मागे त्याचा कॉम्प्युटर — ‘जळगावच्या तरुणाने जपानी गेमला दिली अहिराणी बोली’. तीनदा वाचलं. मोनाली कुठेच नाही. ‘चुलतबहिणीची मदत’ एवढंही नाही.

काकू पेढे घेऊन वर आल्या. लेकाचं कौतुक. मी दोन खाल्ले, हसले पण.

१५ जून
काल रागात धड लिहिलं नाही. भाषांतर सगळं माझं आहे. अकरा हजार वाक्यं! जपानीच्या तीन परीक्षा मी दिल्या. क्लासमध्ये पोरांना गणित शिकवून आल्यावर तीन वर्षं मी डोळे फोडले. पियुषने माझी वाक्यं गेममध्ये बसवली आणि खेळतानाचे व्हिडिओ टाकले. किचकट काम आहे, नाही म्हणत नाही. पण खाली ‘मराठी रूपांतर — पियुष’?

आज गच्चीवर धरलाच त्याला. मान खाली घालून म्हणे, "ताई, आत्ता नको ना. पुढे टाकू."
का नको?
"नको ना, ताई."

थांब बेट्या.

२२ जून
मुळात वेड दोघांचं. लहानपणी भुसावळच्या बाजारातून आणलेल्या टीव्ही गेमसोबत ह्या गेमची कॅसेट आली होती. जपानबाहेर कधी निघालीच नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एक अक्षर वाचता येत नव्हतं. बाकीच्या कॅसेटींमध्ये गोळ्या घाला, उड्या मारा. ह्यात नुसतं गावोगाव हिंडायचं आणि लोकांशी बोलायचं! तलवार मिळते, पण जो दारोदार थांबून लोकांची रडगाणी ऐकतो त्याचीच ताकद वाढते. आम्ही बटण दाबत जायचो आणि कोण काय म्हणतंय ते आमचं आम्हीच ठरवायचो. बाप्यांचे आवाज पियुषचे, बायांचे माझे. दिवाळीची सुट्टी कुठे जायची कळायचं नाही.

त्यातली विहिरीवरची म्हातारी तर रोज नवीन काहीतरी बोलते. जपानीतही ती खेडवळच बोलते, म्हणून तिला मी काकूंची अहिराणी दिली. काकू मोबाइल नाकाशी धरून बघतात. परवा म्हणाल्या, "हाई बाई ते मन्हामायक बोलस वं!" अगदी त्यांच्यासारखी बोलते म्हणे. आता सगळ्या कॉलनीच्या बाया बघतात. जन्मात कधी गेम न खेळलेल्या बाया! आणि शाबासकी कोणाला?

९ जुलै
आज क्लासमध्ये एका पोराने विचारलं, "मॅडम, ते गेमवाले पियुषसर तुमचे कोण?" वर्गाबाहेर उभा केला त्याला. बिचाऱ्याचा काय दोष.

१३ जुलै, रविवार
ठरलं. सूड घ्यायचा.

शेवटच्या भागाची वाक्यं अजून माझ्याकडे आहेत. पियुष ती न वाचताच बसवणार. "शेवट मलापण सगळ्यांसोबत लाइव्हमध्येच कळू दे, ताई." लहानपणी आम्ही शेवटापर्यंत कधी पोचलोच नव्हतो ना. शेवटी राक्षस नायकाला विचारतो — घरच्यांपासून काय लपवून आलास? जपान्याने ते मोघम ठेवलंय. मी ठेवणार नाही.

पियुषची पुण्याची नोकरी फेब्रुवारीतच गेली. काकूंना वाटतं, घरून काम चालू आहे. फक्त मला सांगितलंय त्याने, रडत. "ताई, आईला कळू देऊ नको." मी हो म्हटलं होतं.

म्हटलं असेल.

२० जुलै
धुळ्याचे पाहुणे बघून गेले. मुलगा जिल्हा परिषदेत. त्याच्या आईने विचारलं, आवड कशाची? मी तोंड उघडायच्या आत आमची आई — "आमची मोनू कामाशिवाय मोबाइलला हात लावत नाही!" मी बघतच राहिले. कळवतो म्हणाले.

ते गेल्यावर राक्षसाची ओळ लिहिली. एका दमात, एकही शब्द खोडावा लागला नाही. फाइल पाठवली. पियुषचं उत्तर — हात जोडलेले, तीन वेळा.

२७ जुलै
काकूंनी पेपरचं कात्रण फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावलंय. बरं झालं. मन थोडं डळमळत होतं, ते थांबलं.

३ ऑगस्ट, रविवार, कानबाई
खाली काकूंकडे कानबाई देवी बसली, सगळे भाऊबंद जमले. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. पियुष नेमका माझ्याच शेजारी बसला. गंगाफळाची भाजी मला आवडते म्हणून स्वतःच्या ताटातली दिली. मी खाल्ली.

चारला लाइव्ह. त्याने टीव्हीलाच जोडून टाकलं. बाया कानबाईसमोरून उठून आल्या. राक्षस आला. पियुषने घोगरा आवाज काढला — "तुझी नोकरी जाऊन सहा महिने झाले. काम करतोय म्हणून आईला रोज फसवतोस. कधी सांगणार?"

शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, मग कळलं त्याला. बाया हसल्या, त्यांना वाटलं गेमच. काकू हसल्या नाहीत.
"खरं शे का रे?"
"हो."

मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "हे सगळं मोनालीताईने लिहिलंय. पहिल्या वाक्यापासून सगळं तिचं." आणि बंद केलं.

मिळालं नाव! अंगाशी आल्यावर बरं आठवलं. पेपरवाला समोर बसला होता तेव्हा जीभ झडली होती का? झालं ते बरंच झालं. मला वाईट वाटत नाहीये. काकूंचा चेहरा सोडला तर काही वाईट वाटत नाहीये.

४ ऑगस्ट
कानबाई विसर्जनाला निघाली. काकू आणि पियुष आले नाहीत.

घरी आल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, माझ्याकडे न बघता — "त्याच्यावर कशाला राग काढलास? तुझं नाव टाकू नको म्हणून मीच त्याच्या हातापाया पडले होते. स्थळं येताहेत, एवढी मोठी मुलगी गेम खेळते म्हटलं तर कोण करेल? तुला कळलं तर तू ऐकणार नाहीस, म्हणून सांगूही नको म्हटलं."

अर्धा जिना उतरले. परत वर आले.