वर साखर, खाली काच

२१ ऑगस्ट, गुरुवार

घराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा आंधळा झाला. अल गराफातल्या आमच्या गल्लीत उभ्या गाड्यांच्या काचांवरून पाणी ओघळतंय, पाऊस नसताना. आखातातला दमट महिना. म्हणजे आमचा सीझन.

जगात बर्फाचा सीझन थंडीत असतो. आमचा चिमूटभर स्की-उतार मॉलच्या पोटात, त्यामुळे सगळं उलटं. जानेवारीत आमचा बर्फ इतका सुरेख की पायाखाली कुरकुरतो, आणि बघायला कुत्रं नाही. सगळे वाळवंटात तंबू ठोकून मटण भाजत बसलेले. ऑगस्टमध्ये बर्फाचे हाल, आणि अख्खं शहर स्वेटर घालून दारात.

माझं काम: सकाळी काठी घेऊन उतार चढायचा, बर्फ टोचून बघायचा, खाली येऊन बोर्डावर आजची स्थिती लिहायची. इंग्रजी अर्धा बोर्ड माझा, अरबी अर्धा मॅनेजर नबीलचा. आज काठी छान गेली. लिहिलं, उत्तम. खरंच होतं. असे दिवस फार येत नाहीत म्हणून इथेही लिहून ठेवतेय.

२३ ऑगस्ट, शनिवार

रांग पार्किंगपर्यंत. आत यायला दोन दारं, मध्ये छोटी खोली. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे नव्या माणसाकडून पहिल्याच दिवशी घोकून घेतो. दुपारी बघते तर दोन्ही दारं सताड, एका मफलरने बांधून ठेवलेली. नबीलचं काम. आलेल्या माणसाला उकाड्यात उभं करणं म्हणजे त्याला पाहुण्याला कॉफी न विचारण्यासारखं वाटतं. मनाने चांगला माणूस आहे, हीच तर अडचण.

रोज दुपारी उतार बंद ठेवून गारव्याच्या पंख्यांवर जमलेला बर्फ वितळवतात. तेही आज नाही. उद्या, इन्शाल्ला.

२५ ऑगस्ट, सोमवार

'उद्या' अजून उगवलेला नाही. आत धुकं. महाबळेश्वर परवडलं. पंख्यांवर बर्फ, उतारावर ओल. जे जिथे हवं ते तिथे नाही. आमचा चिलरवाला संतोष, चिपळूणचा, म्हणाला, पंखे गुदमरलेत मॅडम, अर्धा दिवस उतार बंद ठेवू द्या. नबीलने ठेवू दिला नाही. रात्री वरून नवा बर्फ मारा, झालं. आजाऱ्याला पावडर लावून फोटोला बसवायचं.

मी बोर्डावर 'बरा' लिहिलं होतं. न. वाचून हसला. 'बरा' बघायला कोण गाडी काढून येतं, म्हणाला. पुसून 'उत्तम' केलं. त्याने नाही, मी. मार्कर माझ्याच हातात होता.

शनिवारी मुलांची शर्यत. आमची इरा आहे त्यात. तेरा वर्षांची, सगळी सुट्टी या उतारावर काढलीय. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत सॉरी म्हणते. संसार चाललाय.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणपती.

रजा. मोदक तीनच फुटले. हेमंत दुखानच्या तेलविहिरींवरून आला, आल्या आल्या फुटलेले त्याने संपवले, नवऱ्याचा उपयोग असतो. आरतीला संतोष. ड्यूटीवर मी मॅडम, इथे वहिनी, त्यामुळे त्याचं तोंड सुटतं.

"वैनी, दारं अजून उघडीच हायत. दिवसा पानी होतंय नि राती आपनच त्याची लादी करतोय. वरनं नवा भुरभुरवला की कुनाला दिसनार?"

मी त्याला आणखी एक मोदक वाढला.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काठी बोटभर आत गेली आणि टण्ण. पुन्हा टोचली. टण्ण. शेवटच्या वळणापाशी सगळ्यात वाईट. तिथे स्कीची कड रुततच नाही, आणि पुढे लगेच भिंत. भिंतीला गादी आहे. गादी म्हणजे आमच्या पाहुण्यांच्या खोलीतली, साधारण तेवढीच.

न.ला म्हटलं शर्यत पुढे ढकल, पंखे मोकळे होऊ देत. तो म्हणे पालक येणार, केक सांगितलाय, फोटोवाला ठरलाय. मग आवाज उतरवून, माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपतं ना, त्याला मी इथे राहायला हवीय. धमकी इतकी मायेने दिली की माझ्या तोंडून आभाराचं शुक्रन निघून गेलं.

बोर्ड: उत्तम.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळी सराव. मी खाली उभी. इरा वरून झकास आली, शेवटच्या वळणावर वळली, म्हणजे शरीर वळलं, स्की सरळच गेल्या. भिंतीच्या अलीकडे बाजूला सारलेल्या बर्फाचा ढीग होता, त्यात अडकली. खांदा घासलाय. बाकी काही नाही. काही नाही.

गाडीत मी सुरू झाले, एवढ्या वेगात कशाला, डोळे कुठे होते. ती खिडकीबाहेर बघत, "द बोर्ड सेड एक्सलंट." मग माझ्याकडे वळून, "तूच लिहितेस ना?"

हे शेवटचं मराठीत.

हेमंत म्हणतो, ताप आलाय सांग, घरी ठेव तिला. ठेवेन की. बाकीच्यांच्या आयांना कोणाचा ताप सांगू? त्या बोर्ड वाचून मुलं सोडतात.

३० ऑगस्ट, शनिवार. तिकीट खिडकीच्या मागे बसून.

सकाळी टण्ण.

लिहिलं: वर साखर, खाली काच. शेवटचं वळण धोक्याचं. आज मुलांना सोडू नये. इंग्रजीत ते जरा सभ्य वाटलं, पण अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. मग जाऊन दाराचा मफलर सोडला. माझ्या मांडीवर आहे आत्ता, ओला.

रांगेत पुढच्या बाईने वाचलं आणि मुलाच्या हातातले मोजे परत काढले. तिच्या मागची बाई अरबी अर्ध्याकडे बघतेय. तो कोरा आहे. निम्मी रांग तिकडेच बघतेय.

इ. हेल्मेट घालून आली. वाचलं. माझ्याकडे बघितलं, खांदा चोळला. हेल्मेटचा पट्टा तिने सोडलेला नाही.

न. आला. माझं अक्षर शांतपणे वाचलं. मला वाटलं पुसणार. पुसलं नाही.

"तुझी मुलगी उतरणार आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

इ.ने ऐकलं. पट्टा अजून तसाच.

न. मार्कर घेऊन त्याच्या कोऱ्या अर्ध्यासमोर उभा आहे. पंखे बंद करायच्या स्विचपाशी संतोष, त्याच्या पाठीकडे बघत. मार्करचं टोपण काढून बराच वेळ झालाय. अजून एक अक्षर नाही.